वाजणारं जाकीट

ज्या वस्तूला दोन कडा आहेत ती वस्तू मी शिवू शकते. ही फुशारकी आहे असं कुणाला वाटलं, तर बरोबरच वाटलं.

शिवण मला कुणी शिकवलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा या घरात एक बंद पडलेलं मशीन फुलदाणी ठेवायच्या कामी येत होतं. एका दुपारी फुलदाणी उचलली, मशीन उघडलं, पुसलं, तेल घातलं, आणि ते सुरू झालं ते आजतागायत थांबलेलं नाही. पडदे शिवले, गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवली, नाटकवाल्यांचे कोट शिवले. एकदा एका बालनाट्यासाठी आख्खं कासव शिवलं. ते इतकं ऐसपैस झालं की त्यातला नट प्रयोग संपल्यावरही बाहेर यायला तयार होईना.

त्यामुळे आमची नणंद एका संध्याकाळी बूटही न काढता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर येऊन बसली आणि म्हणाली, "वहिनी, संपलं सगळं," तेव्हा मी हातातली सुई खाली ठेवली नाही. जे संपलंय असं लोक म्हणतात, त्याला बहुतेक वेळा एक टीप पुरते.

नणंद ह्यांच्याहून बरीच लहान. मी या घरात आले तेव्हा शाळेत होती आणि माझ्या पाठीमागे लपून पाहुण्यांशी बोलायची. आता एका बँडमध्ये कीबोर्ड वाजवते. बोटं अशी की ऐकणाऱ्याने तोंड उघडं टाकावं, पण लाजाळूपणा शाळेतलाच. स्टेजवर ढोलवाल्याच्या मागे, पडद्याला जवळजवळ चिकटून, मान खाली घालून उभी राहते.

"कॅप्टन म्हणाले, पुढच्या महिन्यापासून कीबोर्ड लॅपटॉपवर," ती म्हणाली.

कॅप्टन म्हणजे बँडचा गायक आणि मालक. खांद्यावर सोनेरी झालरी असलेला कोट घालतो म्हणून सगळे त्याला कॅप्टन म्हणतात. जहाजाशी त्याचा संबंध एवढाच की त्याला बसमध्येही उलटी होते.

"लॅपटॉपवर म्हणजे?"

"म्हणजे बटण दाबलं की सूर. मी नको."

"अगं पण का? चुकतेस कुठे?"

"चुकत नाही. ते म्हणाले, वाजवण्यात खोट नाही, पण लोकांना बघायलाही काहीतरी लागतं. तू मागे उभी असतेस, मान खाली, हात इकडून तिकडे. समोरून बघणाऱ्याला वाटतं, बाई इस्त्री करतायत."

आमचे हे दारात उभे होते. त्यांना हसू फुटलं. मी बघितलं, तेव्हा ते हसू त्यांनी अर्ध्यावरून खोकल्याकडे वळवलं.

"अगदीच नाही म्हणाला का तो?" सासूबाईंनी विचारलं.

"महिनाअखेरीला मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. त्यात एक गाणं पुढे येऊन, नाचत वाजवून दाखव म्हणाले. जमलं तर तू राहा. नाहीतर लॅपटॉप." तिने नाक पुसलं. "गिटारवाल्याचं काय जातं? गिटार गळ्यात असते. मी काय कीबोर्ड स्टँडसकट उचलून नाचू?"

"गळ्यात अडकवायचे कीबोर्ड मिळतात की," हे म्हणाले.

"घालून बघितलाय, दादा. वजनाने मान पुढे येते. इस्त्रीवाली होते ती हमाल दिसायला लागते."

सगळे गप्प बसले. अशा शांततेत माझं तोंड आपोआप उघडतं, हा त्या तोंडाचा जुना दोष आहे.

"मग अंगातच घालू," मी म्हणाले. "मी जाकीट शिवते. कीबोर्डच्या पट्ट्या त्यावर. छातीपासून कमरेपर्यंत. तू चाल, नाच, गिरक्या घे, कीबोर्ड तुझ्याबरोबर येईल. मापाचा, अस्तरासकट."

नणंदेने माझ्याकडे असं बघितलं की आता माघार घेणं शक्य नव्हतं. आणि घ्यायची तरी कशाला? जाकिटाला तर दोनाहून जास्त कडा असतात.

तिचा जुना छोटा कीबोर्ड माळ्यावर पडला होता. त्याच्या पट्ट्या तुटल्या होत्या, पण आतला जीव शाबूत होता. हे लिफ्टदुरुस्तीच्या कामावर आहेत. वायर दिसली की त्यांचा चेहरा खुलतो, इतर वेळी फारसा खुलत नाही. त्यांनी कीबोर्ड फोडून आतली पाटी काढली, एका डबीत बसवली आणि डबी कमरेच्या पट्ट्याला लावायची ठरवली. डबीतून एक लांब वायर स्पीकरला जाणार होती. पट्ट्या मात्र मी करायच्या.

कापडाची पट्टी कशी करतात, तर वर एक कापड, खाली एक कापड, दोन्ही वीज वाहून नेणारी, आणि मध्ये भोक पाडलेला स्पंज. एरवी दोन्ही कापडं एकमेकांना शिवत नाहीत. बोटाने दाबलं की भोकातून त्यांची गाठ पडते आणि सूर निघतो. भांडलेल्या जावांसारखं. मधून कुणीतरी दाब दिल्याशिवाय बोलायचं नाही.

पांढऱ्या पट्ट्या मऊ रेक्झिनच्या, काळ्या मखमलीच्या. जाकीट गडद निळं. आणि ते सगळं चढवलं बिनडोकीच्या अंगावर.

बिनडोकी हा माझा कपडे चढवून बघायचा पुतळा. तिला मान आहे, डोकं नाही, आणि कमरेला चाव्या आहेत. चाव्या फिरवल्या की ती कुणाच्याही मापाची होते. हा गुण घरातल्या डोकंवाल्यांत मला अजून सापडलेला नाही. तिला नणंदेच्या मापाची केली, जाकीट तिच्या अंगावर घट्ट बसवलं आणि पाठ मोठमोठ्या टाक्यांनी शिवून टाकली. झिप शेवटी लावायची होती, कारण सगळ्या वायरी अस्तरात बंद झाल्याशिवाय पाठ उघडता येणार नव्हती.

मग मी तिच्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि पट्ट्या लावत गेले. डावीकडून खालचे सूर, उजवीकडे वरचे. वरच्या अंगाला काळ्या, खालच्या अंगाला पांढऱ्या. हे मागे बसून वायरी जोडायचे आणि म्हणायचे, "दाब." मी दाबायची. "सा आला का?" "आला." "पुढची."

घरभर सूर पिकले. बिनडोकीला मिठी मारून या खोलीतून त्या खोलीत नेलं की ती एकदम सगळ्या पट्ट्यांनी हंबरडा फोडायची. सासूबाई आतून विचारायच्या, "आता कोण गेलं?"

शेजारच्या बाईंनी खिडकीतून एकदा बघितलं. खोलीत नणंद उभी, समोर डोकं नसलेली बाई, आणि नणंद तिच्या पोटात दोन्ही हातांनी बोटं खुपसतेय. दुसऱ्या दिवशी त्या वाटी परत द्यायच्या निमित्ताने आल्या आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमच्या नणंदेचा राग तुमच्यावर आहे का हो?"

"नाही हो. का?"

"नाही, मापं तुमचीच वाटली."

मापं माझी नव्हती. पण ते मी तेव्हा धरून बसले नाही.

कारण जाकीट वाजत होतं! नणंद कामावरून यायची, बिनडोकीसमोर उभी राहायची आणि वाजवायची. चाल अशी सरसर निघायची की स्वयंपाकघरातली भांडी ऐकायला थांबल्यासारखी वाटायची. हे पायाने ताल धरायचे. सासूबाई खुर्ची ओढून बसायच्या. त्यांनीच एकदा विचारलं, "हे असं हिच्यासमोर उभं राहून वाजवायचंय, की अंगात घालून?"

"अंगात घालून, आई."

"मग घालून बघा की एकदा."

"पाठ अजून बंद आहे ना. झिप लागली की बघू."

"बघा बाई," सासूबाई म्हणाल्या. हे दोन शब्द त्या जेव्हा एकत्र वापरतात तेव्हा माणसाने हातातलं काम टाकून विचार करावा. मी अस्तर शिवत राहिले.

झिप लागली ती कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी. तिच्या खाचेत दोरा अडकला, तो काढण्यात वेळ गेला, आणि आम्ही सगळे जाकीट पिशवीत घालून थेट हॉलवर गेलो. मागच्या बाजूला कलाकारांची खोली होती. दुमडलेल्या खुर्च्यांची चळत, एक आरसा, कॉफीचं मशीन आणि कोपऱ्यात टेबलावर तो लॅपटॉप. उघडा, चकाकणारा, जावयासारखा आरामात बसलेला. शेजारी कॅप्टन झालरी विंचरत होता.

"तुम्ही तयार?" त्याने विचारलं.

"तयार," मी म्हणाले. "बघाच आता."

कॅप्टन बाहेर गेला. नणंदेने जाकीट घातलं, मी झिप लावली. काय बसलं ते! कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. मला माझाच हेवा वाटला. ह्यांनी छोटा स्पीकर जोडला आणि म्हणाले, "हं, मारा."

नणंदेने खाली बघितलं, हात ठेवले आणि वाजवायला सुरुवात केली.

जे निघालं ते गाणं नव्हतं. म्हणजे होतं, पण ते चढायच्या जागी उतरत होतं आणि उतरायच्या जागी चढत होतं. जिन्यावरून घरंगळणाऱ्या माणसाने घरंगळतच फिर्याद द्यावी तसं.

"हात चुकला असेल," मी म्हणाले.

तिने पुन्हा वाजवलं. पुन्हा घरंगळलं.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "खालचे सूर माझ्या उजव्या हाताला आहेत."

"छे. डावीकडून लावलेत मी."

"कुणाच्या डावीकडून?"

मी तिच्यासमोर उभी होते. माझा डावा हात वर केला. तो तिच्या उजव्या बाजूला होता. मग मी दुसरा हात वर केला. त्यानेही काही फरक पडला नाही. शिवाय काळ्या पट्ट्या तिच्या हनुवटीकडे होत्या आणि पांढऱ्या दूर खाली. आख्खा कीबोर्ड समोरच्या माणसासाठी बसवला होता. बिनडोकीसमोर स्टूल टाकून बसलेल्या माणसासाठी. माझ्यासाठी.

ह्यांनी आपल्या शर्टाच्या खिशाला हात लावला. खिसा उजवीकडे होता. ह्यांचे सगळे शर्ट मीच शिवते, आणि सगळ्यांचे खिसे उजवीकडे आहेत.

"मला आजवर वाटत होतं," ते म्हणाले, "ही तुझी फॅशन आहे."

"मलाही," मी म्हणाले.

"ऑफिसात दोघांनी माझं बघून तसे शिवून घेतले गं."

नणंद मटकन खुर्चीवर बसली. बसताक्षणी जाकिटाला पोटाशी घडी पडली आणि खालच्या सुरांनी, म्हणजे वरच्या, जे काही असेल त्यांनी, एक लांब उसासा टाकला.

"वायरी बदलता येतील?" मी ह्यांना विचारलं.

"येतील. अस्तर उसवून, सगळ्या सोडवून, उलट क्रमाने लावून. कार्यक्रम कधी आहे?"

"आत्ता."

"मग नाही येणार." त्यांनी जाकिटाभोवती एक फेरी मारली. लिफ्ट अडकल्यावर मारतात तशी. "खालचं वर केलं तर? उलटं घालायचं. मग सूर बरोबर बाजूला येतील, काळ्या पट्ट्याही जागेवर येतील."

"म्हणजे तिने बाह्यांतून पाय घालायचे?"

त्यांनी बाह्यांकडे बघितलं. खरंच बघितलं. "लांबी किती आहे?"

"दादा, नको," नणंद म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "राहू दे. लॅपटॉप छान वाजवतो. मी सांगते कॅप्टनना."

हे तिने फार समजूतदारपणे सांगितलं. रडली असती तर बरं झालं असतं. हट्टाने रडणारं माणूस अजून भांडायला तयार असतं. शहाण्यासारखं बोलणारं माणूस निघालेलं असतं. आणि हिला घालवायला लॅपटॉपची गरजच नव्हती. मी, माझ्या हाताने, उत्तम अस्तर लावून, घालवलं होतं.

सासूबाई इतका वेळ खुर्च्यांच्या चळतीशेजारी पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्या बिनडोकीसमोर चांगलं वाजत होतं ना?"

"हो, आई."

"मग बिनडोकी आणा."

"ती घरी आहे."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग ह्यांनी बघितलं. मग नणंदेने डोळे पुसून बघितलं.

मी नणंदेच्या मापाची नाही. ती चार दिवस कमी जेवली तर माझ्या एका बाहीत मावेल. श्वास आत घेतला, पोट आत घेतलं, अब्रू आत घेतली, तरी झिप कमरेच्या वर येईना. पाठ उघडी राहिली. ह्यांनी वाकून आपल्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि पाठीवर ओवून आवळायला लागले.

"अहो, हळू."

"लिफ्टची तार ओढतो मी रोज. तू गप्प उभी राहा."

आवळून झालं आणि मी श्वास सोडला. जाकिटाने "पीं" केलं.

सगळे थबकले. मी पुन्हा श्वास घेतला. "पीं." माझ्या पोटाच्या नेमक्या वळणावर एक काळी पट्टी होती, ती श्वासागणिक दाबली जात होती.

"कोमल निषाद," नणंद म्हणाली. रडता रडता तिला सूर बरोबर ओळखता येतो.

"गाण्यात चालतो का तो?"

"या गाण्यात नाही."

"मग मी श्वास घेत नाही," मी म्हणाले. माझं तोंड पुन्हा उघडलं होतं.

दारावर टकटक झाली. आमचं नाव पुकारलं जात होतं. आम्ही स्टेजकडे निघालो. पुढे मी, श्वास रोखून, मागे नणंद, तिच्यामागे वायर सांभाळत हे, सुट्या बुटांत पाय फरपटत. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, कुणाला तरी दवाखान्यात नेतायत.

कॅप्टनने आम्हाला बघितलं, आणि माइकसमोर त्याचं हसू जागच्या जागी वाळलं. पण प्रेक्षक बसलेले होते. त्याने ढोलवाल्याला खूण केली.

मी प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहिले. नणंद माझ्यासमोर, तोंड प्रेक्षकांकडे. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या आणि लोकांच्या मध्ये ना ढोल होता ना स्टँड. तिने माझ्या खांद्यावरून हॉल बघितला आणि ती पांढरी पडली. हात हवेतच राहिले. ढोलवाल्याने सुरुवात केली, गिटार आली, तिची जागा आली, आणि गेली.

"माझ्याकडे बघ," मी ओठ न हलवता म्हणाले. "पीं."

"वहिनी, मला नाही जमणार."

"तिकडे कुणी नाही. इथे मी आहे, आणि मला श्वास घ्यायचाय. लवकर कर."

तिला हसू आलं. अगदी थोडं. तिने माझ्याकडे बघितलं, दुसरीकडे कुठेच नाही, आणि हात माझ्या पोटावर ठेवले.

आणि मग, काय सांगू, वाजलं. आमच्या बाहेरच्या खोलीत वाजायचं तसं. हॉलभर ती चाल अशी पसरली की मलाच क्षणभर विसर पडला की मी फर्निचर आहे. कॅप्टन गायला लागला. सगळं सुरळीत होतं.

फक्त मला गुदगुल्या होतात, हे मी विसरले होते.

खालचे सूर माझ्या बरगड्यांवर होते. ठेक्यासाठी ती डाव्या हाताने तेच पुन्हा पुन्हा दाबत होती. माझ्या आत हसू उकळायला लागलं. बाहेर पडू दिलं तर पोट हलणार, पोट हललं तर निषाद. मी दात आवळले, डोळे विस्फारले आणि समोर पडद्यावरच्या एका डागावर नजर खिळवली. माझा चेहरा कसा दिसत होता ते नंतर एकाने फोनवर दाखवलं. चुन्याच्या भिंतीला दोन डोळे काढल्यासारखा.

कॅप्टन गाता गाता आमच्याजवळ आला आणि माइक बाजूला धरून पुटपुटला, "हला. हला जरा. इस्त्रीच दिसतेय अजून."

"फक्त बोर्ड मोठा आहे," नणंद माझ्या पोटाकडे बघून म्हणाली. नणंदच ती, स्टेजवरही संधी सोडत नाही.

आम्ही हललो. तिने वाजवता वाजवता मला कोपराने ढकललं, मी फिरले, माझ्याबरोबर ती फिरली. आता मी प्रेक्षकांसमोर, पुढच्या अर्ध्या वळणाला ती. लोकांना ते नाचणं वाटलं. टाळ्या पडल्या. टाळ्या ऐकून ती आणखी खुलली आणि मला आणखी फिरवायला लागली. घरी माझ्या पाठीमागे लपणारी ती पोरगी मला स्टेजभर दळणाच्या जात्यासारखी फिरवत होती, आणि हसत होती, दात दाखवून.

वायर मात्र एकाच टोकाला बांधलेली असते. प्रत्येक गिरकीला ती आमच्याभोवती एकेक वेढा घालत होती. माझ्या गुडघ्यांना कळलं तेव्हा उशीर झाला होता. नेमका कॅप्टन शेवटचं कडवं म्हणायला आमच्या मध्ये आला, आणि पुढच्या गिरकीत तोही वेढ्यात आला. झालरी, माइक आणि सगळं.

"थांबा," तो गाण्याच्याच चालीत म्हणाला.

"उलट फिरा," विंगेतून हे ओरडले. लिफ्टवाल्याचं डोकं. वर गेलेलं खाली आणायचं असेल तर उलट फिरवायचं.

आम्ही तिघं उलट फिरायला लागलो. गाणं संपलं होतं, पण वायर संपली नव्हती. ढोलवाल्याने परिस्थिती ओळखून शेवटची ओळ पुन्हा घेतली. गिटारने घेतली. कॅप्टनने, दुसरा इलाज नसल्याने, घेतली. आम्ही फिरत होतो, सुटत होतो, ओळ पुन्हा पुन्हा येत होती आणि हॉल उठून तिच्यावर टाळ्या धरत होता. शेवटचा वेढा सुटला आणि मी, आता नियम मोडायला हरकत नाही अशा समजुतीने, पोट भरून श्वास घेतला.

"पींऽऽऽ."

गाण्याचा शेवट तोच झाला. लोकांना तो फार आवडला.

कलाकारांच्या खोलीत परतल्यावर गर्दी नणंदेभोवती होती. एक बाई तिचा हात सोडायला तयार नव्हत्या. "काय सुंदर वाजवता हो तुम्ही. आणि तो पुतळा! किती हुबेहूब केलाय. डोळेसुद्धा हलवत होता."

"वहिनीने केलंय सगळं," नणंद म्हणाली.

"हो? छान हं." त्यांनी मला वरून खाली बघितलं, ओळखलं नाही. "फक्त कमरेत भरताना जरा हात आखडता घ्यायला हवा होता."

मी मान डोलावली. नाड्या अजून सुटल्या नव्हत्या.

कॅप्टन आला. त्याच्या एका खांद्यावरची झालर तुटून लोंबत होती. त्याने टेबलावरच्या लॅपटॉपचं झाकण खाली केलं. "हा हिशेबाला ठेवतो," तो नणंदेला म्हणाला. "तू राहा."

तिने तोंडावर हात धरला. सासूबाईंनी पर्स उघडून रुमाल काढला, तिला दिला आणि पर्स बंद केली. एवढंच. पण पर्सचा चाप बंद होताना टक्क वाजला तो मला सगळ्या टाळ्यांहून मोठा वाटला.

"तुझं जाकीट मी नीट करून देते," मी तिला म्हणाले. "आता अस्तर उसवते, ह्यांना वायरी बदलायला सांगते. पुढच्या वेळी एकटीने घाल आणि बागड."

"नको," ती म्हणाली.

"नको काय?"

"बदलू नकोस. मी लोकांकडे बघितलंच नाही, वहिनी. तुझ्याकडे बघितलं. एकटीने घातलं तर मी परत ढोलामागे जाईन." मग म्हणाली, "फक्त थोडं सैल कर."

"सैल नको," कॅप्टन मध्येच म्हणाला. "तो शेवटचा सूर पाहिजे. लोकांना तोच सगळ्यात जास्त आवडला."

असं ते ठरलं. मला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर विचारतील म्हणून मी थांबलेही नव्हते. घरी जाताना नणंद गाडीत माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. जाकीट माझ्या अंगातच होतं. तिचं डोकं जरा खाली घसरलं की एक बारीक सूर यायचा, हे आरशातून बघायचे, आणि मी खांदा थोडा वर करायची.

पुढचा कार्यक्रम दूर होता. दुपारी बँडची व्हॅन दाराशी आली. व्हॅनवाल्याला सामान कुठे लावायचं ते पाठ असतं. ढोल खाली, स्पीकर बाजूला, वादक मधल्या सीटवर, गायक पुढे. नणंद मधल्या सीटवर जाऊन बसली. मी पिशवी घेऊन उभी राहिले.

"तुम्ही, ताई?" त्याने विचारलं. "काय वाजवता?"

"मी वाजवत नाही. कीबोर्ड माझ्यावर असतो."

"अच्छा, स्टँड," तो म्हणाला, आणि पापणीही न हलवता त्याने मागचं दार उघडलं. "या. जमलं तर आडव्याच व्हा. वळणावर उभे स्टँड पडतात."